पहिलं क्वांटम सर्किट: मोजमापातून आलेले आकडे कसे वाचायचे

एक क्यूबिट (क्वांटम संगणकातला बिट), त्यावर एक हॅडमार्ड गेट (क्यूबिटची स्थिती बदलणारी एक क्रिया) आणि शेवटी मोजमाप. क्वांटम प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या बहुतेकांचं पहिलं सर्किट हेच असतं. १०२४ शॉट्स देऊन, म्हणजे तेच सर्किट १०२४ वेळा चालवून-मोजून, रन केलं की पडद्यावर जवळपास सारख्या उंचीचे दोन खांब उभे राहतात. समजा, ० आलं ४९८ वेळा आणि १ आलं ५२६ वेळा. "निम्मे-निम्मे आले, म्हणजे जमलं," असं म्हणून बरेच जण इथून पुढच्या धड्याकडे वळतात. माझं म्हणणं, इथेच थांबा. या दोन आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे सर्किटने ठरवलेली संभाव्यता. दुसरी म्हणजे ठरावीक वेळाच मोजल्यामुळे येणारा चढउतार. या दोन्ही सुट्या करता येईपर्यंत पुढच्या कुठल्याच सर्किटचा हिस्टोग्राम नीट वाचता येत नाही.

पुण्यात या विषयाकडे वळणारी मंडळी आता सहज भेटतात. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, आणि त्याच्या आधीपासूनच पाषाणच्या आयसरमध्ये आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशनचं काम सुरू होतं. कोथरूडला रविवारी आमचा एक छोटा अभ्यासगट बसतो. त्यात इंजिनिअरिंगची मुलं असतात, हिंजवडीत नोकरी करणारे असतात, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाईही असतात. तिथे गाडी जिथे जिथे अडते, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

तयारी

साधा लॅपटॉप पुरतो. पायथन, किस्किट (क्वांटम सर्किट लिहिण्याची पायथन लायब्ररी) आणि त्याच्या जोडीचा सिम्युलेटर, म्हणजे साध्या संगणकावर क्वांटम सर्किटची नक्कल करणारा किस्किट एअर, एवढं इन्स्टॉल करा. सिम्युलेटरला n क्यूबिटसाठी २ⁿ अँप्लिट्यूड (प्रत्येक शक्य उत्तरामागची एक संख्या, तिचा अर्थ पायरी २ मध्ये) सांभाळावी लागतात. प्रत्येकी १६ बाइट धरले तर ३० क्यूबिटला १६ जीबी मेमरी लागते आणि प्रत्येक वाढीव क्यूबिटमागे ती दुप्पट होते. म्हणूनच मोठ्या सिम्युलेशनसाठी महासंगणक लागतात. १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकने बेंगळुरूची आयआयएससी आणि आयआयटी रुरकी यांच्यासोबत क्यूसिम हा भारतीय सिम्युलेटर तयार केला, त्यामागेही हीच गरज आहे. आपल्याला मात्र इथे एक-दोन क्यूबिटच लागणार आहेत.

लॅपटॉपइतकीच महत्त्वाची आहे वही. प्रत्येक सर्किट रन करण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहा. आधी उत्तर बघून मग "हो, असंच यायला हवं होतं" म्हणणं फार सोपं असतं, आणि त्यातून काही शिकून होत नाही.

पायरी १: काहीच न करणारं सर्किट

एक क्यूबिट घ्या, एकही गेट लावू नका, थेट मोजा. किस्किटमध्ये क्यूबिट |०⟩ या, म्हणजे नक्की ० असलेल्या, स्थितीतून सुरू होतो, त्यामुळे १०२४ पैकी १०२४ वेळा ० यायला हवं. मग ० चं १ करणारा एक्स गेट लावून पुन्हा मोजा. आता १०२४ वेळा १. चढउतार अजिबात नाही.

या दोन रन कंटाळवाण्या वाटतात म्हणून कुणी करत नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की होते: क्वांटम मोजमाप म्हणजे दरवेळी नशिबाचा खेळ, असं नाही. स्थिती |०⟩ असेल आणि प्रश्न "० की १?" असा असेल, तर उत्तर शंभर टक्के ठरलेलं असतं.

पायरी २: हॅडमार्ड आणि वर्ग

आता एच गेट, म्हणजेच हॅडमार्ड. तो |०⟩ ला अशा स्थितीत नेतो जिथे ० चं अँप्लिट्यूड १/√२ आणि १ चंही १/√२ असतं, म्हणजे प्रत्येकी साधारण ०.७०७. दोघांची बेरीज १.४१४ होते. "संभाव्यतांची बेरीज १ पेक्षा जास्त कशी?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो आणि तो योग्य जागी येतो. ही अँप्लिट्यूड आहेत, संभाव्यता नव्हेत. संभाव्यता मिळते ती अँप्लिट्यूडच्या परिमाणाचा वर्ग केल्यावर: ०.७०७ चा वर्ग ०.५. अशा दोन निम्म्यांची बेरीज बरोबर १.

हा नियम माक्स बॉर्न यांनी १९२६ साली मांडला. शोधनिबंधाच्या मुख्य मजकुरात वर्गाचा उल्लेख नव्हता. संभाव्यता ही त्या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही दुरुस्ती त्यांनी मुद्रितं तपासताना तळटीपेत घातली. पुढे १९५४ च्या नोबेल पुरस्कारात याच संख्याशास्त्रीय अर्थाचा गौरव झाला.

परिमाण हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अँप्लिट्यूड ऋण असू शकतं, संमिश्र संख्याही असू शकतं. −०.७०७ चा वर्गही ०.५ च येतो. ते ऋण चिन्ह मोजमापात दिसत नाही, पण वाया जात नाही. पायरी ४ मध्ये सगळा खेळ त्याचाच आहे.

संभाव्यता आणि काउंट्स (कुठलं उत्तर किती वेळा आलं) या दोन्ही गोष्टी किस्किटमध्ये स्वतंत्रपणे मागवता येतात. सर्किटचा स्टेटव्हेक्टर काढला की नेमकी अँप्लिट्यूड मिळतात, आणि सर्किट सिम्युलेटरवर शॉट्स देऊन चालवलं की काउंट्स. दोन्ही करून बघा. फक्त स्टेटव्हेक्टर काढताना सर्किटमध्ये मोजमाप ठेवू नका, नाहीतर एरर येते. आणखी एक भान ठेवा: स्टेटव्हेक्टर ही सिम्युलेटरची सोय आहे. खऱ्या यंत्रावर काउंट्सशिवाय हाती काही लागत नाही.

पायरी ३: ५१२ का आले नाहीत?

संभाव्यता नेमकी ०.५ आहे, शॉट्स १०२४ आहेत, मग ४९८ का?

प्रत्येक शॉट स्वतंत्र आहे. सर्किट नव्याने सुरू होतं, एकदा मोजलं जातं आणि एकच उत्तर देऊन संपतं. N शॉट्समध्ये p संभाव्यतेचं उत्तर सरासरी Np वेळा येतं आणि त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप, √(Np(१−p)) असतं. इथे √(१०२४ × ०.५ × ०.५) = √२५६ = १६. म्हणजे ५१२ च्या आसपास १६ इकडे-तिकडे होणं अगदी रोजचं. साधारण ९५ टक्के वेळा उत्तर ४८० ते ५४४ च्या दरम्यान पडेल. ४९८ हे ५१२ पासून १४ ने लांब आहे, म्हणजे एका प्रमाण विचलनाच्याही आत. नेमकं ५१२ येण्याची शक्यता तर फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चाळीसातून एखाद्या वेळी.

बाईंनी यावर मुलांना एक चांगला गृहपाठ दिला होता, तो तुम्हीही करा. तेच सर्किट १००, १०२४ आणि १०,००० शॉट्सवर प्रत्येकी अनेक वेळा चालवा आणि ० चा वाटा टक्क्यांत लिहा. १०० शॉट्सना चढउतार ५ टक्के, १०२४ ला सुमारे १.६ टक्के आणि १०,००० ला ०.५ टक्के दिसायला हवा. शॉट्स शंभरपट केले तेव्हा कुठे अचूकता दहापट वाढली. क्लाउडवरच्या यंत्राचा वेळ मोजून-मापून मिळतो, तेव्हा हे गणित आधी करून ठेवलेलं बरं.

दरवेळी अगदी तेच काउंट्स येत असतील तर कोडमध्ये कुठेतरी सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) ठरवून दिलेला आहे. तो काढा, मगच हा प्रयोग होईल.

पायरी ४: एच नंतर पुन्हा एच

इथवर आलं की कुणीतरी म्हणतंच, "सर, मग हे नाणं उडवण्यासारखंच झालं की!" आतापर्यंतच्या आकड्यांवरून या बोलण्यात चूक काढता येत नाही. एकच एच लावून मोजलं तर क्यूबिट आणि नाणं यांचे काउंट्स सारखेच दिसतात. फरक बघायचा तर आणखी एक गेट लागतं.

एच लावा, लगेच दुसरा एच लावा, मग मोजा. त्याआधी वहीत अंदाज लिहा. नाण्याच्या हिशोबाने उडवलेलं नाणं पुन्हा उडवलं तरी निम्मं-निम्मंच. प्रत्यक्षात मात्र १०२४ पैकी १०२४ वेळा ० येतं.

हिशोब असा. पहिल्या एचनंतर ० चं अँप्लिट्यूड १/√२, १ चं १/√२. दुसरा एच ० ला पुन्हा १/√२ आणि १/√२ मध्ये वाटतो, तर १ ला १/√२ आणि −१/√२ मध्ये. ते ऋण चिन्ह लक्षात ठेवा. शेवटी ० पर्यंत दोन वाटांनी पोचता येतं: ० वरून ०, किंवा १ वरून ०. दोन्ही वाटांची अँप्लिट्यूड १/२ आणि १/२, बेरीज १, वर्ग १. शेवटी १ पर्यंतही दोन वाटा आहेत, पण त्यांची अँप्लिट्यूड १/२ आणि −१/२. बेरीज शून्य, वर्ग शून्य.

आधी अँप्लिट्यूडची बेरीज, मग वर्ग. सगळा लेख एका ओळीत सांगायचा तर ही ती ओळ. नाण्याच्या बाबतीत संभाव्यतांची बेरीज होते, आणि संभाव्यता कधी ऋण नसते, म्हणून तिथे काहीच कुणाला खोडून काढू शकत नाही. इथे एक वाट दुसऱ्या वाटेला पुसून टाकते. पुढचे सगळे क्वांटम अल्गोरिदम या पुसण्यावरच उभे आहेत: चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतात, बरोबर उत्तराच्या वाटा एकमेकींत मिळतात.

आता यात एक बदल करा. दोन एचच्या मध्ये एक मोजमाप घाला: एच, मोजमाप, एच, मोजमाप. दोन्ही मोजमापांसाठी वेगळे क्लासिकल बिट ठेवा. शेवटच्या बिटात पुन्हा निम्मे-निम्मे येतील. मधल्या मोजमापाने क्यूबिट ० किंवा १ यांपैकी एका स्थितीत आणून ठेवला, दुसरी वाट उरलीच नाही, मग खोडणार कोण? ते मधलं उत्तर तुम्ही वाचलं की नाही, याने फरक पडत नाही. मोजमाप झालं, एवढं पुरेसं आहे.

एक तांत्रिक सूचना. सर्किट ट्रान्सपाइल होताना, म्हणजे चालवण्याआधी यंत्राला सोयीच्या रूपात बदललं जाताना, किस्किट अनेकदा दोन लागोपाठचे एच ओळखून काढूनच टाकतं, कारण ते मिळून काहीच करत नाहीत. उत्तर बरोबर येतं, पण प्रयोग झालेलाच नसतो. दोघांच्या मध्ये बॅरिअर (याच्या पलीकडे गेट एकत्र करू नको, असं सांगणारी खूण) टाका, म्हणजे गेट्स जागेवर राहतील.

पायरी ५: न दिसणारा फेज दिसायला लावणं

एच लावा, मग झेड गेट लावा आणि मोजा. झेड १ च्या अँप्लिट्यूडचं चिन्ह उलटं करतो. काउंट्समध्ये काडीचाही फरक पडत नाही, कारण वर्ग तेच राहतात. आता झेडनंतर आणखी एक एच लावा: एच, झेड, एच. आता सगळे १०२४ शॉट्स १ वर जातात. चिन्ह उलटल्यामुळे ज्या वाटा आधी मिळत होत्या त्या खोडल्या गेल्या आणि खोडल्या जाणाऱ्या मिळाल्या.

झेड म्हणजे १८० अंशांचा फेज; फेज म्हणजे १ चं अँप्लिट्यूड जितक्या कोनाने फिरवलं तो कोन. मधल्या जागी वेगवेगळे फेज ठेवून बघा. फेज फाय असेल तर शेवटी ० येण्याची संभाव्यता cos²(फाय/२) असते. टी गेट ४५ अंशांचा आहे, त्याने ० ची संभाव्यता ०.८५४ होते, म्हणजे १०२४ मध्ये सुमारे ८७४. एस गेट ९० अंशांचा, तिथे निम्मे-निम्मे. १८० अंशांना शून्य. हे चार-पाच बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून हाताने वक्र काढा. स्क्रीनवर हजार हिस्टोग्राम बघूनही जे डोक्यात बसत नाही ते या एका वक्राने बसतं, हे मी आमच्या गटात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पायरी ६: हवी ती संभाव्यता तयार करणं

निम्म्याऐवजी पाव हवं असेल तर आरवाय गेट वापरा. |०⟩ वर थीटा कोनाचा आरवाय लावला की १ येण्याची संभाव्यता sin²(थीटा/२) होते. ६० अंशांसाठी sin² ३०° = ०.२५. म्हणजे १०२४ मध्ये अपेक्षित २५६, आणि प्रमाण विचलन √(१०२४ × ०.२५ × ०.७५), म्हणजे सुमारे १४.

किस्किटला कोन रेडियनमध्ये लागतो. ६० अंश म्हणजे पाय भागिले ३. चुकून ६० असंच लिहिलं तर एरर येत नाही. ६० रेडियन धरून सर्किट निमूट चालतं आणि १ ची संभाव्यता ०.९७६ होते. तेव्हा २५६ च्या जागी हजाराच्या आसपास आकडा दिसला तर सूत्रावर शंका घेण्याआधी एकक तपासा. वहीत आधी लिहिलेला अंदाज कामाला येतो तो इथे: अपेक्षेपासून पन्नासएक प्रमाण विचलनं लांब असलेलं उत्तर चढउतारामुळे आलेलं नसतं.

पायरी ७: दोन क्यूबिट

सगळ्यात आधी बिटांचा क्रम पक्का करा. दोन क्यूबिट घ्या, फक्त क्यूबिट ० वर एक्स लावा आणि दोन्ही मोजा. किस्किटमध्ये उत्तर ०१ असं दिसेल, कारण क्यूबिट ० सगळ्यात उजवीकडे लिहिला जातो. हे एकदा स्वतः करून बघितलं नाही तर पुढे तासन् तास वाया जातात.

आता दोन सर्किटं शेजारी-शेजारी चालवा. पहिल्यात दोन्ही क्यूबिटवर एच. चारही उत्तरं (००, ०१, १०, ११) प्रत्येकी सुमारे २५६ वेळा येतील. दुसऱ्यात क्यूबिट ० वर एच आणि मग क्यूबिट ० ला कंट्रोल ठेवून क्यूबिट १ वर सीनॉट, म्हणजे क्यूबिट ० हा १ असेल तरच क्यूबिट १ उलटा करणारा गेट. इथे फक्त ०० आणि ११, प्रत्येकी सुमारे ५१२. ही बेल स्थिती.

दुसऱ्या सर्किटमधला एकच बिट सुटा काढून बघितला तर तोही निम्मा-निम्माच असतो, पहिल्या सर्किटसारखा. फरक सुट्या बिटांत नाही, जोडीत आहे. म्हणून दोन क्यूबिटच्या सर्किटमध्ये काउंट्स नेहमी जोडीने वाचा.

एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीने यावर नेमका आक्षेप घेतला होता: "कुणीतरी आधीच ठरवून निम्म्या वेळा ०० आणि निम्म्या वेळा ११ पाठवत असेल तरी असंच दिसेल ना?" दिसेल. म्हणून आणखी एक चाचणी करायची. मोजण्याच्या आधी दोन्ही क्यूबिटवर पुन्हा एकेक एच लावा. आधीच ठरवलेलं ०० या दोन एचनंतर चारही उत्तरांत सारखं वाटलं जातं, ११ सुद्धा तसंच, म्हणजे चार खांब दिसायला हवेत. बेल स्थितीत मात्र पुन्हा फक्त ०० आणि ११ येतात. कारण तेच: ०० कडून आणि ११ कडून ०१ पर्यंत येणाऱ्या अँप्लिट्यूडची चिन्हं उलटी आहेत, ती एकमेकांना खोडतात. १० चंही तसंच.

पायरी ८: खऱ्या यंत्रावर

आयबीएमने २०१६ साली आपलं क्वांटम यंत्र क्लाउडवर खुलं केलं, तेव्हापासून घरबसल्या खऱ्या क्यूबिटवर सर्किट चालवता येतं. तिथे पहिलं सर्किट चालवायचं ते पायरी १ चंच. एकही गेट नसताना काही शॉट्स १ दाखवतील, आणि एक्स लावल्यावर काही शॉट्स ० दाखवतील. ही मोजमापाची चूक आहे. बहुधा १ चा ० वाचला जाण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण उच्च ऊर्जेतला क्यूबिट वाचून होईपर्यंत खाली घसरू शकतो.

समजा १०२४ शॉट्समध्ये पहिल्या तपासणीत २० वेळा चुकून १ आलं, म्हणजे सुमारे २ टक्के. दुसऱ्यात ४१ वेळा चुकून ०, म्हणजे ४ टक्के. मग एच लावून मोजल्यावर १ ची अपेक्षित संभाव्यता ०.५ राहत नाही. खरं १ असताना ते बरोबर वाचलं जाण्याचा वाटा ०.५ × ०.९६ आणि खरं ० असताना चुकून १ वाचण्याचा वाटा ०.५ × ०.०२. बेरीज ०.४९. इथे संभाव्यताच मिळवल्या, कारण मोजमाप होऊन गेलेलं आहे आणि ही चूक त्यानंतरच्या वाचनातली आहे.

१०२४ शॉट्समध्ये हा फरक १० चा, आणि प्रमाण विचलन १६ चं. म्हणजे एवढ्या शॉट्सवर ही चूक चढउतारात बुडून जाते. एका रनवरून "यंत्र १ कडे कमी झुकतं" असं म्हणता येणार नाही. १०,००० शॉट्स घेतले तर ५,००० ऐवजी ४,९०० अपेक्षित, विचलन ५०: फरक दोन विचलनांचा, संशय घेण्यापुरता. ४०,००० घेतले तर फरक ४०० आणि विचलन १००, तेव्हा मात्र खात्रीने बोलता येईल. तपासणीच्या त्या दोन रनही तितक्याच शॉट्सवर घ्या. २० आणि ४१ या आकड्यांनाही स्वतःचा चढउतार आहे, आणि तो साधारण ४ आणि ६ चा आहे.